मुलांशी नशेबद्दल बोलताना या चुका टाळा

पहिली चूक तोंड उघडायच्या आधीच झालेली असते. "जा रे, कोपऱ्यावरनं एक मावा आण, उरलेल्या पैशाचं चॉकलेट घे." आठ वर्षांच्या पोराला असं पाठवलं की पुढं केलेल्या उपदेशाला काडीची किंमत राहत नाही. मावा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना, प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटलेला. तो आणायला मुलाला पाठवणं आजपासून बंद. १८ वर्षांखालच्याला तंबाखू विकणं गुन्हा आहे, हे टपरीवाल्यालाही माहीत असतं.

सोलापूरच्या पूर्व भागात कित्येक घरांत विड्या वळल्या जातात. तिथं "तंबाखूला शिवू नको" म्हणणं पोकळ आहे, कारण ती सुपात समोरच असते. "हे आपलं काम आहे, तोंडात घालायची वस्तू नाही" असं सांगा आणि काम झालं की त्याच्यासमोर साबणानं हात धुवा. घरात तेलुगू बोलत असाल तर हेही तेलुगूतच बोला. शाळेतल्या मराठीत त्याचा निबंध होतो. मिसरीचा डबा मुलांच्या ब्रशशेजारी ठेवू नका.

कॅन्सरची भीती घालणं फारसं चालत नाही. बारा वर्षांच्या मुलाला चाळिशी म्हणजे दुसरा जन्म वाटतो. त्याला आजचं दाखवा. आरशासमोर स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला लावा. ती सहज जायला हवीत. सुपारीनं गालाची आतली कातडी ताठ होते, तोंड आवळत जातं, तिसरं बोट अडतं. साध्या शेंगाचटणीनंही तोंडाची आग होते. बोटं अडली तर कानाखाली वाजवू नका, दंतवैद्याकडे न्या.

स्वतः पीत असाल तर "औषध आहे" म्हणू नका. पोरांना वास कळतो. "मला सवय लागलीय, सुटता सुटत नाही" एवढं खरं पुरे.

"नाही म्हण" एवढंच सांगून भागत नाही, वाक्य हातात द्यावं लागतं. वरातीत किंवा गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत दारू बहुधा कोल्ड्रिंकच्या बाटलीतून पुढं येते. "सील फोडलेली बाटली मी घेत नाही" हे घरी दोन-तीनदा म्हणवून घ्या.

पंक्चरचं सोल्यूशन किंवा व्हाइटनर हुंगताना मूल सापडलं तर ओरडत मागं धावू नका. त्या वासानंतर दचकून पळताना हृदय अचानक बंद पडू शकतं. शांतपणे बसवा, मोकळ्या हवेत न्या.

पिऊन आलेल्या मुलाची झडती त्या रात्री घेऊ नका. कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका, श्वास बघत राहा. हलवून उठत नसेल, श्वास फार मंद किंवा अडखळत असेल, तर १०८ ला फोन. विचारपूस सकाळी, पोटात काही गेल्यावर, दोघंच असताना. "कुणी दिली?" याआधी "काय झालं होतं?" विचारा. नाव पहिल्या दिवशी कळलं नाही तरी चालेल. हे पुन्हा घडलं तर १४४४६ या नशामुक्ती हेल्पलाइनवर आधी तुम्हीच बोला.