कुड्याची फुलं तोडायच्या आधी झाड ओळखा

मे लागला की आमच्या गडचिरोलीकडं सगळं गाव पहाटेच तेंदूपत्ता तोडायला जंगलात, आणि परत येताना बायांच्या ओट्यात कुड्याची फुलं असतातच. आता शहरात शिकणारे पोट्टेही सुट्टीत येऊन ही भाजी शोधतात, मला लय बरं वाटते, पण पांढरं फूल दिसलं, फांदी मोडली, दूध निघालं, म्हणजे झाला कुडा, एवढ्यावरच तोडायला लागतात तेव्हा जीव घाबरते. पांढरं फूल न् चीक काळ्या कुड्यालाही असतो, अंगणातल्या तगरीलाही असतो.

आपल्याला पाहिजे तो पांढरा कुडा. पानं समोरासमोर, जोडीनं, वीतभर किंवा त्याहूनही लांब, चांगली रुंद, देठ जवळपास नाहीच आणि शिरा ठळक. फुलं फांदीच्या टोकाला घोसानं येतात, पाच पाकळ्या, मंद वास. पण पानावर भरवसा ठेवू नका, कोवळ्या फुटव्याची पानं वेगळीच दिसतात. फूल हातात घेऊन त्याच्या घशात पाहा. पांढऱ्या कुड्याचा घसा साधा असते, पुंकेसर खाली नळीत दडलेले, वरून काहीच दिसत नाही. काळ्या कुड्याच्या फुलात मधोमध बारीक झालर असते आणि त्यातून टोकदार सुळका वर आलेला दिसते. एकदा दोन्ही फुलं शेजारी ठेवून पाहिली की परत चूक होत नाही.

मी पहिल्या वर्षी अर्धी पिशवी भरून आणली होती, मावशीनं सुपात पसरली, एकेक फूल उलटंसुलटं पाहिलं आणि अर्ध्याहून जास्त बाजूला काढली, सगळी झालरवाली. तेव्हापासून मी झाडापाशीच पाच-सहा फुलं तपासतो, मगच हात लावतो.

सगळ्यात पक्की ओळख शेंगांची, म्हणून खरं तर झाड हिवाळ्यातच हेरून ठेवायचं. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा एका देठाला दोन, पेन्सिलीएवढ्या बारीक, हातभर लोंबत्या आणि एकमेकींपासून सुट्या. काळ्या कुड्याच्या जोडीची टोकं कोवळेपणी चिकटलेली असतात, तांबड्या कुड्याच्या तर दोन्ही शेंगा लांबीभर जुळलेल्या आणि खरबरीत. वाळलेली शेंग उकलली की पांढऱ्या कुड्याच्या बीला भुरा झुपका दिसते, काळ्याच्या बीचा झुपका पांढरा रेशमासारखा. अशा पांढऱ्या कुड्याच्या झाडाला चिंधी बांधून ठेवा, उन्हाळ्यात सरळ तिथंच जा.

खरी भीती कण्हेरीची. पांढऱ्या फुलाची कण्हेर देवळापाशी, कंपाउंडला, रस्त्याच्या कडेला लावलेली असते, तिलाही जोडीच्या लांब शेंगा येतात. पानं मात्र अरुंद, जाड, भाल्यासारखी आणि बहुतेक एका पेरावर तीन. तिचं विष थेट हृदयावर जाते आणि उकळून पाणी फेकलं तरी जात नाही, हे घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा, कारण कुड्याची भाजी आपण उकळूनच करतो. माझा नियम साधा आहे, माणसानं लावलेल्या झुडपाची फुलं भाजीसाठी तोडायची नाही. चुकून कोणी खाल्लंच तर उलटीची वाट पाहत बसू नका, 108 ला फोन करा आणि त्या झाडाची फांदी सोबत न्या.

चाखून ओळखायच्या भानगडीत पडू नका. साल आणि बी, म्हणजे कडू इंद्रजव, हे औषधाचं काम आहे, वैद्याला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. साल तर काढूच नका, बुंध्याभोवती सोलली की झाड मरते.

तोडायला एकटं जाऊ नका, वाघ-अस्वलाचा भाग आहे, आणि जंगल ज्या ग्रामसभेचं तिथं आधी विचारा. फुलं आणली की देठ काढा, धुवा, उकळून घट्ट पिळा, ते कडू पाणी फेका, मग कांदा, लसूण, हिरवी मिरची न् भिजवलेली चणाडाळ घालून परता, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. पहिल्यांदा खात असाल तर दोन घासच. आणि प्रत्येक घोसातली निम्मी फुलं झाडावरच ठेवा, पावसाळ्यात कोवळ्या शेंगा त्यातूनच येतात आणि त्यांचीही भाजी अशीच उकळून, पिळून होते.