मोगऱ्याला कात्री लावायची कधी, कुठे आणि किती (फ्लॅटमधल्या कुंडीसाठी)

आमच्या फोंड्याच्या फ्लॅटमधला मोगरा दोन वर्षं नुसता पानांवर होता. पानं अशी हिरवीगार की येणारा-जाणारा म्हणायचा वा काय झाड आहे, आणि फुलं विचाराल तर अख्ख्या वर्षात मोजून सात. खरं म्हणजे आईच्या अंगणातल्या झाडाचीच ही फांदी, तिकडे मे महिन्यात ओंजळी भरतात आणि आमच्याकडे हे असं. शेवटी आई स्वतः आली, कुंडी फिरवून बघितली आणि म्हणाली, "अगो, ह्याला कात्री कधी लावलीस?" मी म्हटलं लावलीच नाही, म्हटलं वाढू दे. "मग तो वाढतोच आहे की!"

तर मुद्दा एवढाच आहे की मोगऱ्याला कळी येते ती नवीन फुटव्याच्या टोकाला. जुनी काडी कितीही जपा, ती फूल देणार नाही, ती फक्त नवा फुटवा देणार आणि त्या फुटव्यावर फूल. म्हणजे जितके नवे शेंडे तितक्या कळ्या, आणि शेंडे वाढवायचे तर कापायला पाहिजे. आपल्याला मात्र कापायला जीव होत नाही, त्यातून कुंडीतलं एकुलतं एक झाड असलं की अजूनच नाही.

आता कुठे कापायचं ते नीट बघा, कारण इथेच गडबड होते. मोगऱ्याची पानं समोरासमोर जोडीने येतात, आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक बारीक टोकदार डोळा असतो, हिरवट, जेमतेम मोहरीएवढा. नसेल दिसत तर फांदी खिडकीकडे धरून पान जरा खाली वाकवा, दिसतो. त्या जोडीच्या वर साधारण अर्धा सेंटीमीटर ठेवून कापायचं. फार वर कापलं तर वरचा खुंट वाळून काळा पडतो, अगदी चिकटून कापलं तर डोळाच जातो. आणि हो, सगळे सांगतात तिरका काप द्या म्हणून, पण ते गुलाबाचं, गुलाबाचा डोळा एका बाजूला असतो. इथे दोन्ही बाजूंना डोळे आहेत तर सरळ आडवा कापा, दोन्ही फुटतात आणि एका फांदीच्या दोन होतात.

वेळ म्हणाल तर गोव्यात जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. थंडी अशी आपल्याकडे नसतेच पण झाड त्या दिवसांत जरा सुस्त असतं. छाटणीच्या आधी आठवडाभर पाणी कमी करते मी, एकदम बंद नाही, कुंडीतली माती लवकर सुकते, तेव्हा पानं मलूल होईपर्यंत वाट बघू नका. जानेवारी-फेब्रुवारीत असं कापलं की शिगम्याच्या आसपास फुटवे जोर धरतात आणि पाडव्यापर्यंत कळ्या दिसायला लागतात, थोडं मागेपुढे होतं, ऊन किती मिळतं त्यावर.

हत्यार साधं. सिकेटर, म्हणजे झाडं छाटायची खास कात्री, असेल तर उत्तम, नसेल तर धारदार कात्री, पण मासळी साफ करायची कात्री नको प्लीज. पातं सॅनिटायझरने किंवा स्पिरिटने पुसून घ्या. बोथट कात्रीने फांदी चिरडते आणि तिथूनच बुरशी शिरते.

आधी सुकलेल्या काड्या काढा, नखाने साल जरा खरवडली आणि आत हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी दिसलं तर मेलेली. मग एकमेकांवर घासणाऱ्या आणि आत झाडाच्या पोटात शिरलेल्या. मग त्या लांबच लांब वेलासारख्या फांद्या ज्यात दोन पानांमधलं अंतर वीतभर असतं, त्या उजेड शोधत पळालेल्या फांद्या आहेत, घरातल्या झाडाला हमखास येतात आणि फूल क्वचितच देतात. त्यांना निम्म्याहून खाली आणा. उरलेल्या फांद्या शेंड्यापासून दोन-तीन जोड्या कमी करा, बस.

किती कापायचं हा प्रश्न मात्र उन्हाचा आहे. अंगणातला मोगरा आई गुडघ्याएवढा ठेवते आणि तो उसळून येतो. ग्रिलच्या गॅलरीत पूर्वेचं चार तास ऊन येत असेल तर तुम्हीही बऱ्यापैकी कापू शकता, दहा-बारा इंची कुंडीत मातीपासून फूटभर ठेवलं तरी चालतं. पण झाड हॉलमध्ये सोफ्याच्या बाजूला असेल तर एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढू नका, कारण नवी पानं करायला लागणारी ताकद उन्हातूनच येते. आणि खरं सांगायचं तर हॉलमधल्या मोगऱ्याला छाटणीने आकार येतो, फूल येत नाही. छाटल्यावर दोनेक महिने तरी त्याला उन्हाच्या खिडकीत ठेवा, आठवड्याला कुंडी थोडी फिरवा नाहीतर एकाच बाजूने वाढतो.

छाटल्यावर पाणी कमी. हे मला उशिरा कळलं. पानं निम्मी झाली म्हणजे पाणी पिणारेही निम्मे झाले, आणि आपण लाडाने रोज तांब्याभर ओततो मग मुळं कुजतात. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच. वरची माती हलकी खुरपून दोन मुठी गांडूळखत किंवा कुजलेलं शेणखत घाला. पेंडीचं पाणी चांगलं पण फ्लॅटमध्ये त्याचा वास शेजारच्यांपर्यंत जातो, अनुभव आहे. युरिया टाळा, पुन्हा नुसती पानं.

मग पहिला बहर आला की कात्री परत, पण हलक्या हाताने. मोगऱ्याच्या टोकाला बहुतेक तीन कळ्या असतात, मधली आधी उमलते, बाजूच्या दोन नंतर, तेव्हा मधलं फूल गळलं म्हणून लगेच शेंडा कापू नका. तिन्ही झाल्या की त्या फांदीच्या पानांच्या एक-दोन जोड्या खाली कापा, पुढचा बहर तिथूनच. असं जूनपर्यंत चालू ठेवता येतं.

पावसात मात्र मोठी छाटणी नको. मी एकदा जुलैमध्ये केली, सुट्टी होती, बाहेर धो धो, म्हटलं काहीतरी करू. कापलेल्या टोकांपासून काड्या काळ्या पडत खाली आल्या, त्या ओल्या हवेत काप सुकतच नाही ना. अर्धं झाड गेलं. आता पावसाळ्यात फक्त मेलेलं काढते, आणि पानाखाली कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर तेवढा शेंडा कापून पिशवीत बांधून टाकते, बाकीवर लिटरभर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि थोडं साबणाचं पाणी.

अजून एक. युट्यूबवर परदेशातली इनडोअर जास्मिन दाखवतात, गुलाबी कळीची वेल, तिला आधीच्या सीझनच्या फांदीवर फुलं येतात म्हणून ते लोक फुलून झाल्यावरच कापतात. ते बघून आपल्या मोगऱ्याचं ठरवू नका. आपली जाई पण वेगळीच, वेल ती, पावसात फुलते, म्हार्दोळला महालसेच्या देवळात जायांची पूजा होते ती पावसाळ्यातच. तिला चढायला जाळी लागते, तिचं नंतर कधीतरी.

छाटलेल्या सगळ्याच काड्या टाकू नका. जूनच्या सुरुवातीला पेन्सिलीपेक्षा बारीक, अर्धवट पिकलेली वीतभर काडी घ्या, खालची पानं काढा, वरची दोन अर्धी कापा आणि रेती-कोकोपीटमध्ये खोचून सावलीत ठेवा. महिना-दीड महिन्यात मुळं धरते. पाचांतल्या दोन-तीन लागतात माझ्या, आणि गणेश चवथीला घरी येणाऱ्या कोणाच्या तरी हातात एक कुंडी जाते.