चेंबर म्युझिक महोत्सवाचं बोलावणं आलं तर

चेंबर म्युझिक म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत. अमेरिकेतल्या व्हरमाँटचा मार्लबरो महोत्सव (१९५१ पासून) तरुण वादकांना ज्येष्ठांसोबत आठवडेच्या आठवडे तालीम करू देतो. रचना तयार वाटली तरच ती मंचावर जाते. गार्नेरी ही तंतुवाद्यांची चौकडी १९६४ मध्ये तिथेच जमली. असं सुख सगळीकडे नसतं. बहुतेक ठिकाणी अनोळखी वादक भेटतात आणि दोन-तीन तालमींत कार्यक्रम उभा करतात. तयारी त्या हिशेबानेच ठेवा.

शूबर्टचं सी मेजर क्विंटेट (पाच वादकांची रचना; त्यात दोन चेलो, सुमारे ५० मिनिटं), ब्राम्सचं पियानो क्विंटेट, मेंडेल्सोनचं ऑक्टेट (आठ वादकांची रचना) हातात बसलेलं असलं की आयत्या वेळी आलेल्या फोनला हो म्हणता येतं. व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य) वाजवणाऱ्यांनी मोझार्टची तंतुवाद्यांची क्विंटेटं सोडू नयेत; त्यांत दोन व्हायोला लागतात.

स्वरलिपीची आवृत्ती सगळ्यांची एकच हवी. एकाच्या प्रतीत खुणेची अक्षरं (तालमीत जागा सांगायला छापलेली ए, बी, सी), दुसऱ्याच्या प्रतीत नुसते मापांचे आकडे असले, की ‘एफपासून घेऊ’ म्हणताच निम्मे जण पानं चाळत बसतात आणि तालमीचा वेळ तिथेच जातो. गजाच्या खुणा (गज कुठे वर, कुठे खाली ओढायचा) पेन्सिलीनेच करा, त्या पहिल्याच दिवशी बदलणार. पियानोचा ‘ए’ स्वर ४४० हर्ट्झला लावलाय की ४४२ ला, हेही आधी विचारा. तो तुमच्यासाठी बदलणार नाही.

करारात मानधनापलीकडे पाहा: तालमी किती, राहायचं कुठे, ध्वनिमुद्रणाचे हक्क कोणाचे आणि चेलोसाठी विमानात घ्याव्या लागणाऱ्या वेगळ्या जागेचे पैसे कोण देणार. हा शेवटचा मुद्दा लेखी घ्याच.