सशाचे कान साच्यातच राहतात, तेव्हा : प्राण्यांच्या आकाराची चॉकलेटं आणि फ्रूट कँडी करताना या चुका टाळा

ससा बाहेर आला, कान साच्यातच राहिले. पांडाचे डोळे गालावर ओघळले. अननसाचा मासा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला तरी सकाळी त्याचं सरबतच. असं झालं की खापर साच्यावर फुटतं आणि नवा साचा आणला जातो. पण साचा बहुतेक वेळा निर्दोष असतो. बिघाड दिसतो साचा उलटा केल्यावर, घडलेला असतो अर्धा तास आधी, भांड्यात. म्हणून शोध तिथूनच सुरू करायचा.

पाकिटामागची यादी न वाचणं

चॉकलेट दोन जातींचं असतं आणि दोन्हींना एकच वागणूक दिली की पहिला घोळ होतो. घटकांच्या यादीत चरबी म्हणून फक्त कोको बटर असेल, तर ते खरं चॉकलेट. त्याला टेंपरिंग, म्हणजे ठरावीक तापमानांपर्यंत तापवून-निववून तयार करणं, लागतं. कोको बटरऐवजी पामसारखी वनस्पती चरबी असेल, तर ते कंपाउंड. ते 40 ते 45 अंशांवर वितळवायचं, ओतायचं, गार करायचं, एवढंच. चवीला कंपाउंड थोडं डावं, हे खरं. पण चार-पाच रंगांचे प्राणी पहिल्यांदाच करणार असाल, तर कंपाउंडच घ्या. पाच वाट्यांमधलं खरं चॉकलेट एकाच वेळी योग्य तापमानावर धरून ठेवणं सरावलेल्या हातांनाही जड जातं.

दोन्ही एकत्र मात्र करू नका. त्यांच्या चरब्यांचं एकमेकींशी जमत नाही. वडी मऊ राहते आणि काही दिवसांत तिच्यावर पांढुरकी झाक येते.

अंदाज म्हणून : मध्यम आकाराच्या एका खाचेत 10 ते 12 ग्रॅम चॉकलेट बसतं, म्हणजे 250 ग्रॅममध्ये साधारण 20 प्राणी होतात. त्यावर 50 ग्रॅम जास्त घ्या, कारण तेवढं वाटीला आणि ब्रशला लागून राहतं.

पाण्याचा एक थेंब

वितळलेलं, छान वाहणारं चॉकलेट अचानक घट्ट, रवाळ गोळा झालं, तर त्यात पाणी गेलंय. चॉकलेट म्हणजे चरबीत तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे बारीक कण. थोडंसं पाणी गेलं की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळं आवळून येतं.

हे पाणी येतं कुठून? डबल बॉयलरची (गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या वाडग्याची) वाफ, नुकताच धुतलेला चमचा, खाचेत राहिलेला ओलावा, आणि सगळ्यात जास्त वेळा पाण्यात कालवलेला खायचा रंग. केकच्या क्रीमसाठीचा द्रवरूप रंग चॉकलेटला चालत नाही. इथे तेलात विरघळणारा रंग किंवा रंगीत कोको बटरच हवं. इसेन्सचंही तेच, तेलावर आधारित घ्या.

डबल बॉयलर करताना वरचा वाडगा खालच्या पातेल्यापेक्षा मोठा असू द्या, म्हणजे वाफ कडेने वर येऊन चॉकलेटमध्ये उतरत नाही. पाणी तळाला दोन बोटं पुरे. वाडग्याचं बूड त्याला टेकू नये. पाणी तापलं की गॅस बंद करा, उरलेल्या उष्णतेवर काम होतं. मायक्रोवेव्ह असेल तर निम्म्या पॉवरवर 20 ते 30 सेकंद, मग ढवळणं, पुन्हा 20 सेकंद. तुकडे आकार धरून राहतात, पण आतून वितळलेले असतात. नुसतं बघून आणखी एक मिनिट दिलं की मधला भाग करपतो. पांढऱ्या आणि मिल्क चॉकलेटमध्ये दुधाची पावडर असल्याने ती आधी करपतात.

गोळा झालेलं चॉकलेट साच्यासाठी गेलं असं समजा. 100 ग्रॅमला 50 मिलिलिटर गरम क्रीम घालून घोटलं, तर त्याचा सॉस होतो आणि वाया जात नाही. प्राणी मात्र नव्या चॉकलेटचेच करा.

टेंपरिंग अंदाजाने करणं

कोको बटरचे स्फटिक सहा प्रकारचे होतात. त्यांतला एकच आपल्याला चकाकी, कुडकुडीत तुकडा आणि साच्यातून सहज सुटणारी वडी देतो. टेंपरिंग म्हणजे बाकीच्यांना बाजूला सारून त्याची भरती करणं. घरी सोपी पद्धत 'बी घालण्याची'. 300 ग्रॅम डार्क चॉकलेटपैकी 200 ग्रॅम 45 ते 50 अंशांपर्यंत वितळवा. आचेवरून उतरवून उरलेलं 100 ग्रॅम बारीक चिरलेलं तीन वेळा घाला आणि 31 ते 32 अंशांवर येईपर्यंत ढवळत राहा. मिल्क आणि पांढरं चॉकलेट 40 ते 45 पर्यंतच तापवायचं. मिल्क 29 ते 30 वर वापरायचं, पांढरं 28 ते 29 वर.

चुका दोन ठिकाणी होतात. बी म्हणून घातलेलं चॉकलेटच पांढुरकं, जुनं असेल, तर त्यात हवे ते स्फटिक नसतात. आणि काम करता करता घट्ट झालं म्हणून वाटी पुन्हा तापवताना डार्क 34 अंशांच्या वर गेलं, की केलेलं टेंपर मोडतं. मग पहिल्यापासून.

ओतण्याआधी चाचणी करा. सुरीचं टोक बुडवून साधारण 20 अंशांच्या खोलीत ठेवा. पाच मिनिटांत कोरडं आणि एकसारखं चकचकीत झालं तर ओता. पट्टे दिसले किंवा बोटाला लागलं, तर थांबा.

दुसऱ्या दिवशी पांढरे डाग आले तर ती बुरशी नव्हे. बोटाने हलकं चोळल्यावर डाग विरघळून नाहीसा झाला, तर तो चरबीचा, म्हणजे टेंपरिंग चुकलं किंवा वडी उष्ण जागी राहिली. डाग खरखरीत लागला, तर तो साखरेचा, म्हणजे वडीवर कधीतरी दव जमलं होतं. खायला दोन्ही चालतात, पार्टीत मांडायला नाही.

चेहरा शेवटी रंगवणं

साच्यात सगळं उलटं असतं. खाचेच्या तळाशी प्राण्याचं नाक आणि डोळे असतात, म्हणून जे सगळ्यात वर दिसायचं ते सगळ्यात आधी भरायचं. पांडाच घ्या. आधी टूथपिकच्या टोकाने डोळ्यातला पांढरा ठिपका, मोहरीएवढा. तो सुकला की त्यावर काळं बुबुळ आणि डोळ्याभोवतीचा काळा डाग, मग नाक, मग कानांच्या वाट्या. पांढरा चेहरा सगळ्यांत शेवटी ओतायचा. चेहरा आधी ओतून डोळे नंतर वरून चिकटवले, तर ते उंचवट्यासारखे दिसतात आणि डबा हलला की गळून पडतात.

दोन थरांमध्ये किती थांबायचं, इथे खरी मेख आहे. लवकर ओतलं तर काळा रंग पांढऱ्यात ओघळतो. फार उशीर केला, त्यातही साचा फ्रिजमध्ये ठेवून, तर आधीचा थर आकसून कडक होतो, नव्या थराला धरत नाही आणि उलटं केल्यावर डोळा तेवढा साच्यात चिकटून राहतो. योग्य क्षण नजरेला कळतो. ओल्या चॉकलेटची चमक जाऊन ते मंद दिसू लागतं आणि बोट हलकं लावलं तर डाग येत नाही, पण दाबलं तर किंचित दबतं. तेव्हा पुढचा थर. खोलीच्या तापमानाला या बारीक ठिपक्यांना दोन-तीन मिनिटं पुरतात. आणि पुढचा थर कोमटच हवा. खरं पांढरं चॉकलेट 28 ते 29 अंशांवर, कंपाउंड वाहतं राहील इतपतच गरम. 40 अंशांचं ओतलंत, तर तुमचे डोळे त्यातच विरघळणार.

रंग कडेबाहेर गेला तर ओला असताना पुसू नका, पसरतो. सुकू द्या, मग टूथपिकने खरवडा.

आता ते कान. चॉकलेट नुसतं मधोमध ओतलं की कानांच्या आणि शेपटीच्या टोकाशी हवा अडकते आणि तिथे पोकळी राहते. आधी लहान ब्रशने त्या टोकांमध्ये चॉकलेट दाबून भरा, मग उरलेलं ओता आणि साचा ओट्यावर आठ-दहा वेळा आपटा. बुडबुडे वर येऊन फुटताना दिसतात. काठी लावायची असेल तर ती ठेवून जागच्या जागी एकदा फिरवा. चारी बाजूंनी चॉकलेट लागलं नाही, तर मुलांच्या हातात काठी येते आणि सिंह खाली राहतो.

घाईने उलटणं

लहान आकारांना फ्रिजमध्ये 10 ते 15 मिनिटं पुरतात. पारदर्शक साचा असेल तर खालून बघा. चॉकलेट सुटलं की साचा धुरकट झाल्यासारखा दिसतो. कुठे ओला, गडद ठिपका असेल तर अजून थांबा. फ्रीझर नको. झटकन गार झालेलं चॉकलेट तडकतं आणि बाहेर काढताच त्यावर घाम येतो.

सिलिकॉनमधून काढताना प्राण्याला ओढायचं नाही, साचा मागे सोलायचा, तोही धडाकडून कानांकडे. कडक साचा पालथा करून हलकेच ठोकायचा, सुरी घालायची नाही. एक ओरखडा पडला की त्या खाचेत पुढे कायम चिकटतं. तेल किंवा तूप लावायची तर मुळीच गरज नाही, त्याने चकाकी जाते. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड आणि पूर्ण कोरडा साचा, एवढी तयारी बास.

फळ न पाहता जिलेटिन घालणं

अननसाच्या माशाचं सरबत का झालं? ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं आणि ते प्रथिनं तोडतं. कँडी घट्ट करणारं जिलेटिन हे प्रथिनच, त्यामुळे त्याचं जाळं विणलं जाण्याआधीच त्याचे तुकडे होतात. पपई, किवी आणि अंजीर यांचंही तेच. आणखी जिलेटिन घालून उपयोग नाही. रस आधी चांगला उकळून घ्या, चार-पाच मिनिटं, मग कोमट करून वापरा. उष्णतेने एन्झाइम निकामी होतं. डबाबंद अननस म्हणूनच चालतो.

साध्या फळाचं प्रमाण असं : गाळलेला रस 200 मिलिलिटर, जिलेटिन पावडर 24 ग्रॅम, साखर 50 ग्रॅम, लिंबाचा रस एक मोठा चमचा. 60 मिलिलिटर गार रसावर जिलेटिन भुरभुरून 10 मिनिटं फुगू द्या. एकदम ओतलं तर गाठी होतात आणि त्या पुढे मोडत नाहीत. उरलेला रस साखरेसह 60 ते 65 अंशांपर्यंत तापवून त्यात हे मिसळा. उकळू देऊ नका, जिलेटिनची ताकद कमी होते. मग 10 मिनिटं तसंच राहू द्या आणि वर आलेला फेस काढा. हा फेसच पुढे अस्वलाच्या पोटावर पांढरी साय होऊन बसतो. ड्रॉपरने काठोकाठ भरा, काठाबाहेर नको, नाहीतर पायांभोवती झालर येते. फ्रिजमध्ये दोन-तीन तास. चिवट हवी असेल तर साच्यातून काढून जाळीवर, फ्रिजमध्येच, उघडी रात्रभर ठेवा. चार-पाच दिवसांत संपवा.

जिलेटिन 30 ते 35 अंशांच्या आसपास वितळतं. खोली उकाड्याची असेल तर ते टेबलावर लिबलिबीत होणारच. शिवाय ते प्राणिजन्य असल्याने शाकाहारी पाहुण्यांना चालत नाही. दोन्हींवर उत्तर समुद्री शेवाळापासूनचं अगर-अगर : 200 मिलिलिटर द्रवाला 4 ग्रॅम पावडर, 80 ग्रॅम साखर. हे मात्र दोन-तीन मिनिटं खदखदून उकळावंच लागतं. कोमट पाण्यात विरघळवायला गेलं तर कँडी धरतच नाही. आंबट रसासोबत उकळलं तर पकड सैल होते, म्हणून अगर आणि साखर 100 मिलिलिटर पाण्यात उकळा, मग आच बंद करून 100 मिलिलिटर कोमट रस घाला. फ्रिजमधला गार रस ओतलात, तर भांड्यातच धागे जमतात, कारण अगर 35 ते 40 अंशांवरच घट्ट होतं. एकदा जमलं की 85 अंशांपर्यंत वितळत नाही. एक गोष्ट मान्य करायला हवी, अगरची कँडी चावताना तुटते, ताणली जात नाही. रबरासारखा चिवट ससा अगरमधून मिळणार नाही.

पेक्टिनची (फळांतून मिळणाऱ्या, जॅम घट्ट करणाऱ्या पदार्थाची) कँडी थर्मामीटरशिवाय करू नका. पाक 106 ते 107 अंशांवर जायला हवा. उंचावरच्या गावात पाणीच कमी अंशांवर उकळतं, म्हणून आधी नुसतं पाणी उकळून थर्मामीटर काय दाखवतो ते पाहा. 97 दाखवत असेल तर लक्ष्यही 3 अंशांनी खाली. पेक्टिन त्याच्या पाच ते दहा पट साखरेत मिसळूनच घाला, सायट्रिक अॅसिड (लिंबूसत्त्व) अगदी शेवटी, आणि मग थांबू नका. ते भांड्यातच जमू लागतं.

आंबटगोड साखर लावलेले प्राणी तासाभरात घाम फुटल्यासारखे ओले होतात, कारण कँडी वाळलेली नसते आणि सायट्रिक अॅसिड ओलावा खेचतं. 100 ग्रॅम साखरेला 5 ग्रॅम अॅसिड, ते मांडण्याच्या थोडं आधी. त्यानंतर फ्रिज नाही.

फळ आणि चॉकलेटची सोयरीक

स्ट्रॉबेरीचे उंदीर गोड दिसतात, पण ओलं किंवा गार फळ बुडवलं की चॉकलेट पापुद्र्यासारखं सुटतं. धुवा, पुसा, तासभर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, देठ काढू नका (तिथूनच रस झिरपतो) आणि त्याच दिवशी वाढा. चॉकलेटचे दोन भाग जोडतानाही गार भागांवर दव असतं, मग डिंकासारखं लावलेलं चॉकलेट धरत नाही. जोडायची कड कोमट ताटलीवर क्षणभर टेकवा आणि दाबून धरा.

चार वर्षांखालच्या मुलांसाठी सजावटीचे कडक डोळे, अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं वापरू नका, घशात अडकतात. द्राक्ष घ्यायचंच तर उभं चार भागांत चिरा. काठीही नको. दूध, सोया, सुकामेवा आणि जिलेटिन कशात आहे याची चिठ्ठी ताटाजवळ ठेवा. बरेच पालक विचारायला संकोचतात.

चॉकलेटचे प्राणी 15 ते 18 अंशांच्या कोरड्या जागी राहतात, फ्रूट कँडीपासून वेगळ्या डब्यात, कारण तिचा ओलावा त्यांना लागतो. फ्रिजमध्ये ठेवावेच लागले तर घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. तासभर तसाच बंद राहू द्या. दव डब्यावर जमेल, सशावर नाही.