शहरातील उष्मा आणि अतिवृष्टी यांसाठी घराभोवतीची बाग कशी तयार करावी

काँक्रीट आणि डांबर दिवसभर ऊन शोषून घेतात आणि रात्री ती उष्णता सोडत राहतात. त्यांच्यावर पडलेला पाऊसही न मुरता थेट गटारात जातो. घराभोवतीची बाग या दोन्ही गोष्टींवर उपयोगी पडते, मात्र तिचा विचार झाडांच्या निवडीपासून नव्हे, तर मातीपासून सुरू करावा. पावसात मातीत जिरलेले पाणीच पुढे उन्हात पानांवाटे बाहेर पडते आणि एका लिटरची वाफ होताना सुमारे ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता खर्ची पडते.

प्रथम फरसबंदी मोजावी. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. म्हणजेच २० चौरस मीटर फरशीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर १,००० लिटर पाणी होते. ज्या फरशीवरून रोजचा वावर नाही ती उखडून टाकावी आणि वाहनासाठी चाकांपुरत्या दोनच पट्ट्या ठेवाव्यात. इंग्लंडमध्ये २००८ पासून घरापुढील अंगणात ५ चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारी फरसबंदी करायची असेल आणि तिचे पाणी स्वतःच्याच जागेत जिरणार नसेल, तर परवानगी घ्यावी लागते; हा नियम मला अत्यंत रास्त वाटतो. प्लास्टिकचे गवत अंथरूच नये, कारण ते उन्हात जिवंत हिरवळीपेक्षा कितीतरी अधिक तापते.

त्यानंतर माती किती पाणी पिते ते पाहावे. सुमारे ३० सेंटीमीटर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, ते पूर्ण जिरू द्यावे, पुन्हा भरावा आणि खुणा केलेली काठी उभी धरून तासाभरात पातळी किती उतरली हे मोजावे. ती एक-दीड सेंटीमीटरही उतरत नसेल, तर माती घट्ट झाली आहे असे समजावे. अशी माती ओली असताना तुडवू नये. वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना, ती मोकळी करून तिच्यात कुजलेले कंपोस्ट मिसळावे.

निचरा बरा असल्यास छताच्या पन्हळीचे पाणी बागेतील १५ ते २० सेंटीमीटर खोल, सपाट तळाच्या खोलगट जागेत वळवावे. ही जागा घराच्या पायापासून किमान ३ मीटर दूर असावी आणि जादा पाणी घराकडे किंवा शेजाऱ्याकडे न जाता सुरक्षितपणे बाहेर पडेल अशी वाट ठेवावी. पाणी एक-दोन दिवसांत जिरले पाहिजे. उबदार हवेत डासांची वाढ पूर्ण व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे मग त्यांची भीती राहत नाही. येथे ओल आणि कोरड दोन्ही सोसणारी झाडे लावावीत.

सावलीसाठी एकच मोठे झाड लावता येणार असेल, तर ते बहुतेक ठिकाणी पश्चिमेला लावावे, कारण दुपारनंतरचे तिरपे ऊन भिंती आणि खिडक्यांवर थेट येते आणि तोवर हवाही तापलेली असते. उघड्या मातीवर पालापाचोळ्याचे ५ ते ८ सेंटीमीटर जाड आच्छादन घालावे, पण खोड कुजू नये म्हणून ते बुंध्याला चिकटू देऊ नये. पाणी रोज थोडे शिंपडण्याऐवजी पहाटे, काही दिवसांच्या अंतराने आणि मुळांपर्यंत पोहोचेल इतके द्यावे. वरवरच्या ओलाव्याने मुळे वरच राहतात आणि नेमक्या उष्णतेच्या लाटेत झाड सर्वांत आधी सुकते.