मॅग्नेटोची खातेवही: साठ वर्षं चाललेला माणूस वाचायचा कसा

मार्व्हलच्या एक्स-मेन कॉमिक्समधला, चुंबकशक्तीने धातू हलवणारा मॅग्नेटो चांगला की वाईट असं कोणी विचारलं की मी आता उत्तर देत बसत नाही, सरळ सांगतो, एक वही घे. साधी रेघांची दोनशे पानी वही. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे "सोसलेलं", उजवीकडे "केलेलं", आणि वर कोपऱ्यात इश्यू नंबर, साल, लेखक आणि संपादक. मी हे बरीच वर्षं करतोय. कादंबरीतला माणूस एका डोक्यातून आलेला असतो, पण इथे १९६३ पासून आजपर्यंत एकाच माणसाला कितीतरी जणांनी लिहिलंय, प्रत्येकाच्या वेळी मार्व्हलच्या ऑफिसची गरज वेगळी, खपाचं गणित वेगळं, आणि तरी वाचताना तो एकच माणूस वाटायला हवा. वही नसेल तर तीन-चार रन, म्हणजे एकेका लेखकाचे सलग अंक, वाचून झाल्यावर डोक्यात नुसता गोंधळ उरतो.

वहीचा नियम एकच, उजवीकडची नोंद खोडायची नाही. पुढच्या लेखकाने येऊन "ते त्याने केलंच नव्हतं" म्हटलं तरी खोडायची नाही, शेजारी लिहायचं की अमुक साली अमुक माणसाने ही पुसली. याला कॉमिकवाले रेटकॉन म्हणतात, जुन्या गोष्टीचा अर्थ मागाहून बदलणं. रेटकॉन म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण मॅग्नेटोमध्ये जे काही मोलाचं आहे ते एका रेटकॉनमुळेच आलंय, त्यामुळे तो प्रकार मुळातच वाईट असं मी कधी म्हणणार नाही.

आता सुरुवात कुठून करायची, तर एक्स-मेनच्या पहिल्या अंकापासून अजिबात करू नका. एक्स-मेन म्हणजे म्युटंटांची, जन्मजात अनोखी ताकद असलेल्या माणसांची, चांगल्या बाजूची टोळी. स्टॅन ली आणि जॅक कर्बीच्या १९६३ च्या त्या अंकात तो केप सिटाडेलचा मिसाइल तळ बळकावतो, चौथ्या अंकात त्याची टोळी येते आणि तिचं नावच "ब्रदरहुड ऑफ ईव्हिल म्युटंट्स", म्हणजे दुष्टपणा पाटीवरच लिहिलेला. डावा रकाना कोराच राहतो आणि नवीन वाचणारा तिथेच कंटाळून सोडून देतो. हे अंक नंतर वाचा, वही अर्धी भरल्यावर, तेव्हा त्यातला तोच आरडाओरडा वेगळा ऐकू येतो.

सुरुवात करा अनकॅनी एक्स-मेन १५० पासून. ऑक्टोबर १९८१, लेखक ख्रिस क्लेरमॉन्ट, चित्रं डेव्ह कॉकरम यांची. मला हा अंक फोर्टातल्या फूटपाथवरच्या पुस्तकवाल्याकडे मिळाला होता, कव्हरचा कोपरा गेलेला, आणि घरी येईपर्यंत लोकलमध्ये उभ्या उभ्या संपवला. मॅग्नेटो जगातल्या देशांना धमकी देतो की शस्त्रं टाका, लेनिनग्राड नावाची सोव्हिएत पाणबुडी त्याच्या बेटावर क्षेपणास्त्रं सोडते, तो ती पाणबुडी आतल्या सगळ्या माणसांसकट बुडवतो. ही नोंद उजवीकडे ठळक करा, पुढे लागणार आहे. मग किटी प्राइड, एक्स-मेनमधली सगळ्यात लहान, शाळेत जायच्या वयाची मुलगी, त्याच्या यंत्रांमध्ये घुसून नासधूस करते आणि तो रागाच्या भरात तिच्यावर वार करतो, ती कोसळते. इथे वाचायचा वेग कमी करा. तो तिला हातात घेतो आणि बघतो की हे तर पोर आहे. आणि मग त्याच्या तोंडून ऑशविट्झ येतं, मघाशी म्हटलेला रेटकॉन तो हाच, आपल्या घरच्यांना मरणाकडे हाकलणारे पहारेकरी येतात, आणि हेही येतं की त्यांना जशी आमच्या जिवाची किंमत नव्हती तशी मला माणसांच्या जिवाची उरली नाही. किटी स्वतः ज्यू आहे. तो पुढे लढत नाही, निघून जातो.

या एका पानावर दोन्ही रकाने एकदम भरतात, आणि माझी फुटपट्टी हीच आहे. गुंतागुंतीचं कॅरेक्टर म्हणजे दुःखी भूतकाळ असलेला व्हिलन असं बरेच लोक धरून चालतात, पण दुःखी भूतकाळ कोणालाही चिकटवता येतो. इथे त्याचं दुःख त्याला माफी मिळवून देत नाही, उलट त्याच दुःखामुळे त्याला स्वतःचा गुन्हा दिसतो. पुढचा कुठलाही अंक वाचताना एवढंच विचारा की दोन्ही रकाने भरले की लेखकाने सोयीचा एकच भरला.

दुसरं काम म्हणजे क्रेडिटचा चौकोन, म्हणजे अंकात लेखक-चित्रकार-संपादकांची नावं असतात तो, वाचायची सवय. क्लेरमॉन्ट १९७५ ला आले आणि १९९१ पर्यंत राहिले, अमेरिकन कॉमिक्समध्ये एकाच लेखकाने एक मालिका एवढा काळ धरून ठेवणं फार दुर्मिळ, आणि म्हणूनच मॅग्नेटो सावकाश बदलू शकला. त्यांनी हेही सांगितलंय की त्यांच्या डोळ्यासमोर इस्रायलचे पंतप्रधान मेनाकेम बेगिन होते, एकेकाळी ब्रिटिशांनी दहशतवादी म्हणून शोधलेला आणि १९७८ मध्ये शांततेचं नोबेल मिळालेला माणूस. अशा वळणाला वर्षं लागतात आणि ती वर्षं द्यायला संपादक तयार असावा लागतो.

ती वर्षं कशी वापरली ते अनकॅनी एक्स-मेनच्या १९९ आणि २०० या जोडअंकांत बघा, दोन्ही १९८५ चे. १९९ मध्ये मॅग्नेटो किटीसोबत वॉशिंग्टनला, छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या मेळाव्याला जातो. तिथे दोन म्हातारी माणसं त्याला ओळखतात, त्याने आपल्याला छावणीत मदत केली होती म्हणतात, आणि तिथेच सरकारची माणसं त्याला पकडायला येतात आणि तो हात वर करतो. ओळख पटणं आणि अटक होणं एकाच ठिकाणी. २०० मध्ये पॅरिसला खटला. त्याच्या वकीलबाई गॅब्रिएल हॅलर एक भन्नाट मुद्दा मांडतात. १९७४ साली डिफेंडर्स या मार्व्हलच्याच दुसऱ्या मालिकेच्या एका अंकात मॅग्नेटोला चक्क तान्हं बाळ करून टाकलं होतं, तेव्हा ती निव्वळ एका व्हिलनला वाटेला लावायची युक्ती होती. नंतर त्याला परत तरुण केलं, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातून वाचलेला माणूस म्हातारा का दिसत नाही याचं उत्तर आपोआप मिळालं. आणि अकरा वर्षांनी तीच गोष्ट कोर्टात उभी राहते, की बाळ होणं म्हणजे एक प्रकारचा मृत्यूच, म्हणून त्याआधीचे गुन्हे धरू नका. मग आरोपांत ठळक काय उरलं, तर लेनिनग्राड. म्हणून म्हटलं होतं नोंद ठळक करा. जुन्या अंकातली अडगळ काढून तिचं असं काही करणं याला मी लांब चालणाऱ्या कॉमिकची खरी कारागिरी म्हणतो. निकाल मात्र लागत नाही, हल्ला होतो, खटला मोडतो, आणि एक्स-मेनचा संस्थापक झेव्हियर, आजारी असल्यामुळे, म्युटंट मुलांची आपली शाळा मॅग्नेटोच्या हाती देऊन जातो. निकाल न लागणं मला आवडतं, रकान्यांची बेरीज कोर्टाने करून दिली असती तर पुढे वाचायला काय उरलं असतं.

हेडमास्तर मॅग्नेटोचे, त्या शाळेतल्या मुलांच्या न्यू म्युटंट्स या मालिकेचे अंक लोक वगळतात, वगळू नका. १९८८ मध्ये ६० व्या अंकात त्याचा विद्यार्थी डग रॅम्से गोळी लागून मरतो. लहान पोरांची जबाबदारी घेतलेला माणूस, ज्याने आपली माणसं एकदा गमावलीत, त्याच्या देखरेखीत पुन्हा एक पोर जातं, आणि तिथून तो हळूहळू परत जुन्या कडवटपणाकडे वळतो. ही नोंद कुठल्या रकान्यात टाकायची ते मला अजून ठरवता आलेलं नाही, माझ्या वहीत ती रेघेवरच लिहिलीय.

आता क्रॉसओव्हर कसे वाचायचे. क्रॉसओव्हर म्हणजे ऑफिसचा आदेश, सगळ्या मालिकांनी एकाच घटनेत उतरायचं. १९८९-९० च्या ॲक्ट्स ऑफ व्हेंजन्समध्ये मोठे व्हिलन एकत्र येऊन कोणी कोणत्या हिरोला भिडायचं याची अदलाबदल करतात, आणि त्या टेबलाभोवती मॅग्नेटोही बसवला आणि रेड स्कलही. नाझी आणि ऑशविट्झमधून वाचलेला माणूस एकाच बैठकीत. एखाद्याने डोळेझाक केली असती, पण कॅप्टन अमेरिका ३६७ मध्ये मार्क ग्रुनवाल्ड यांनी तीच विसंगती गोष्ट म्हणून उचलली. मॅग्नेटो स्कलला गाठतो, तू तोच का, हिटलरसाठी काम केलेला, याची खात्री करून घेतो, आणि त्याला जमिनीखाली अंधाऱ्या कोठडीत थोडंसं पाणी ठेवून बंद करून जातो, जिवंत. वाचताना मनातून बरं वाटतं आणि बरं वाटलं याचीच भीती वाटते. ऑफिसचा आदेश आला म्हणजे गोष्ट वाया गेलीच असं नसतं, लेखकाने त्या आदेशाकडे सरळ बघितलं का ते बघा.

१९९१. एक्स-मेनचा नवा नंबर एक, क्लेरमॉन्ट आणि जिम ली, पाच वेगवेगळी कव्हरं, ऐंशी लाखांहून जास्त प्रती गेल्या. एवढ्या मोठ्या धंद्याला समोर दणकट शत्रू हवा होता, म्हणून मॅग्नेटो परत शत्रू. पहिल्या तीन अंकांत असं निघतं की तो बाळ असताना मोइरा मॅकटॅगर्ट या शास्त्रज्ञ बाईने त्याच्या शरीरात ढवळाढवळ केली होती, म्हणजे त्याचं सुधारणं खोटंच होतं की काय. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडलो होतो, दहा वर्षांचं काम एका फटक्यात पुसलं म्हणून. पण तिसऱ्या अंकापर्यंत थांबा, तिथे कळतं की म्युटंटने आपली ताकद वापरली की तो परिणाम निघून जातो, म्हणजे चांगलं वागायचं ठरवलं होतं तेही त्यानेच. संपादक बॉब हॅरस यांच्याशी मतभेद होऊन क्लेरमॉन्ट त्याच अंकानंतर गेले, आणि जाता जाता त्यांनी त्या माणसाच्या वागण्याची जबाबदारी त्याच्याकडेच ठेवली. मला त्याबद्दल त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

नव्वदीचं दशक भराभर चाळा. १९९३ मध्ये याच नव्या एक्स-मेनच्या २५ व्या अंकात तो त्या टोळीतल्या वुल्व्हरिनच्या हाडांवरचा धातू ओरबाडून काढतो, तेवढं बघा, उजवीकडे लिहा, पुढे चला.

मग ग्रँट मॉरिसन यांचं न्यू एक्स-मेन, २००१ ते २००४. शेवटाकडच्या प्लॅनेट एक्समध्ये झॉर्न हा शाळेतला शांत मास्तरच मॅग्नेटो निघतो, मॅनहॅटन ताब्यात घेतो आणि माणसांना भट्ट्यांकडे हाकलतो. मॉरिसन थोर लेखक आहेत, आणि म्हातारा क्रांतिकारक नुसता पोस्टरवरचा चेहरा होऊन बसतो ही त्यांची कल्पना धारदार आहे, पण माझ्या वहीत ते पान सपशेल एकतर्फी आहे. भट्टी समोर आल्यावर त्या माणसाच्या आत काहीच हललं नाही, हे मला पटत नाही. डावा रकाना असून नसल्यासारखा. मार्व्हलने पुढे काय केलं तर २००४ मध्येच दुसऱ्या मालिकेत मॅग्नेटो जेनोशा या काल्पनिक बेटावर जिवंत दाखवला आणि तो भट्टीवाला कोणी तोतया होता म्हणून सांगितलं. हेही मला तितकंच चुकीचं वाटतं. गुन्हा पटला नाही तर त्याच्याशी भिडायचं, दुसऱ्याच्या नावावर कसला चढवता. माझ्या वहीत नोंद तशीच आहे, बाजूला "पुसली, २००४".

हे वाचून मन कडू झालं की मगच मॅग्नेटो: टेस्टामेंट घ्या, ग्रेग पाक आणि कार्मिने डी जियानडोमेनिको, २००८-०९, फक्त पाच अंक. वेश नाही, शिरस्त्राण नाही, एक्स-मेन नाहीत. जर्मनीतला ज्यू मुलगा, नाव मॅक्स आयझनहार्ट, शाळा, मग वॉर्सा, मग ऑशविट्झ, तिथे झोंडरकमांडो, म्हणजे मेलेल्यांना भट्टीपर्यंत नेण्याचं काम ज्यांच्याकडून जबरदस्तीने करून घेतलं ते कैदी. आधी या माणसाचं मूळ नाव आणि मूळ समाज यावरून मालिकेत बराच घोळ घालून झाला होता, इथे स्वच्छ शब्दांत सांगितलं. तो आपण बघितलेलं लिहून पुरून ठेवतो, कोणाला तरी सापडावं म्हणून. डावा रकाना यापेक्षा जास्त भरता येणार नाही, आणि हे पुस्तक पहिल्यांदा वाचायला मी देत नाही ते याचसाठी. आधी वाचलं तर पुढचं सगळं माफ करून टाकाल.

शेवटचा टप्पा जोनाथन हिकमन यांच्या २०१९ च्या हाउस ऑफ एक्सपासून, म्युटंटांचं स्वतःचं बेट आणि मेलेल्यांना परत आणायची सोय. नैतिक हिशोबाला ही सोय घातक, कारण मरणाचंच वजन गेलं. अल यूइंग यांनी २०२२ च्या एक्स-मेन रेडमध्ये यावर तोड काढली. तिथे मॅग्नेटोने परत यायचा आपला मार्ग आधीच बंद केलाय, लढाईत त्याचं हृदय उपटलं जातं आणि तो चुंबकशक्तीने स्वतःचं रक्त फिरवत राहतो, लढाई संपेपर्यंत, मग मरतो. २०२४ मध्ये त्याला परत आणलंच, एक्स-मेनमधली स्टॉर्म मृत्यूपलीकडे जाऊन त्याला शोधते, पण परतीच्या वाटेवर त्याला स्वतःच्या केलेल्याकडे बघावं लागतं. ऑफिसला माणूस परत हवा होता, लेखकाने त्याची किंमत वसूल करून दिला.

ही वही भरली की दुसरी, मूळ एक्स-मेनमधल्या जीन ग्रेची, सुरू करा. फिनिक्स, म्हणजे अफाट वैश्विक शक्ती, झालेली जीन १९८० मध्ये एक सूर्य गिळते आणि पाच अब्ज जीव मरतात. क्लेरमॉन्ट आणि जॉन बर्न तिला शक्ती काढून घेऊन जिवंत ठेवणार होते, मुख्य संपादक जिम शूटर म्हणाले एवढ्या मरणांनंतर ती सहज सुटू शकत नाही, म्हणून एक्स-मेनच्या १३७ व्या अंकात ती मरते. १९८६ मध्ये एक्स-फॅक्टर ही नवी मालिका हवी म्हणून तिला परत आणलं आणि सांगितलं की मेली ती जीन नव्हतीच, आणि ती परत आल्याची बातमी ऐकून तिचा जुना प्रियकर सायक्लॉप्स बायको आणि तान्ह्या मुलाला सोडून निघून गेला. तो एक्स-फॅक्टरचा पहिला अंक घेऊन बसा, सायक्लॉप्ससाठी तिसरी वही लागेल.