शिंपले मोजायला उतरताय? आधी चाळण घ्या

साताऱ्यातल्या धोम किंवा कण्हेरच्या जलाशयात शिंपल्यांच्या पॉप्युलेशन इकॉलॉजीवर (किती आहेत, केवढे आहेत, नवी पिढी येते का) प्रोजेक्ट घेतला असेल, तर चाळणीशिवाय पाण्यात उतरू नका. क्वाड्राट म्हणजे मोजणीची चौकट टाकणं, लांबी मोजायचा व्हर्नियर वाचणं तुम्हाला येतंच. घात होतो तो हाताने गाळ चाचपण्यात.

लॅमेलिडेन्स या गोड्या पाण्यातल्या जातीचा मोठा शिंपला बोटांना लगेच लागतो. नखाएवढं पिल्लू गाळात दडलेलं असतं, ते हाती येतच नाही. मग लांबीचा आलेख काढला की सगळे खांब उजवीकडे, मोठ्यांच्या बाजूला; पिल्लांची डावी बाजू ओस. बघणाऱ्याला वाटतं, इथे नवी पिढीच नाही, शिंपले संपत चाललेत. त्या ओस बाजूने माझी झोप उडवली होती. शिंपले तिथेच होते, फक्त मोजले गेले नव्हते.

म्हणून ५० सेंमी बाजूच्या चौकटीतला १० सेंमीपर्यंतचा सगळा गाळ उचला आणि २ मिमीच्या चाळणीत धुवा. जिवंत ७ निघाले, तर चौरस मीटरला २८. रिकाम्या चौकटीचं शून्य वहीत लिहाच, नाहीतर घनता खोटी फुगते. मेलेली कवचं वेगळी ठेवा.

चाळूनही पिल्लं नसतील, तेव्हा माशांकडे बघा. लॅमेलिडेन्सच्या अळ्या काही काळ माशांच्या कल्ल्यांना, परांना चिकटून वाढतात. योग्य मासे कमी झाले की शिंपल्यांची पुढची पिढी अडते. कॉर्बिक्युला या दुसऱ्या, लहान शिंपल्याला माशाची अशी गरज नसते, म्हणून दोघांचा आलेख एकत्र काढू नका. अमेरिकेतल्या कॉर्बिक्युलाचे आकडेही जसेच्या तसे उचलू नका. ती तिथे बाहेरून आलेली, कोलंबिया नदीत १९३८ साली पहिल्यांदा जिवंत सापडली. मूळ घरातल्या शिंपल्याला तो मापदंड लावता येत नाही.

कवचावरची वलयं मोजून वय काढा, असं कुणीतरी सांगेलच. मला हा शॉर्टकट अजिबात पटत नाही. थंड प्रदेशात हिवाळ्यात वाढ थांबते, वलय उमटतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी उतरल्यानेही उमटू शकतं. कवचावर खूण करून तोच शिंपला पुन्हा मोजा. वेळ लागतो, पण आकडा तुमचा असतो.

जागा निवडताना आधी भोई काकांना विचारा, 'काका, पायाला शिंपले कुठं लागतात?' प्रोजेक्टचे गाइड नकाशा देतील, तळ काकांना ठाऊक असतो. घाबरू नका, चार चौकटींनंतर हात बसतो. मात्र मे महिन्यात काठ वरून वाळलेला दिसला तरी आत पाय रुततो. एकट्याने जायचं नाही म्हणजे नाही.